उन्हाळ्यांची गुणपत्रिका

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. शब्द नपुंसकलिंगी आहे आणि ऋतूशी त्याचे नाते ‘ऊन’ या समान पूर्वजापुरते आहे. दापोली तालुक्यातले उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरचे उन्हाळे, थेट जळगाव जिल्ह्यातले उनपदेव. या ग्रामनामांत संस्कृतातला ‘उष्ण’ प्राकृतातला ‘उण्ह’ होऊन येऊन बसला आहे. भाषाविज्ञानाच्या तासाला ध्वनिपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून ही नावे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. अशा गावांना कधी गुण द्यावे लागतील, असे मात्र वाटले नव्हते.

झाले ते असे. मराठी विभागाचा कार्यभार दरवर्षी थोडा थोडा घटतो आहे, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. महाविद्यालयात पर्यटनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करायचे ठरले, तेव्हा तो कोणाकडे सोपवावा यावर फारशी चर्चा झाली नाही. “प्रवासवर्णन तुमच्याकडेच असते ना?” असे आम्हाला विचारण्यात आले. असते, असे आम्ही म्हणालो. त्या एका ‘असते’पायी पुढे एक लघु संशोधन प्रकल्पही आमच्या पदरी पडला : ‘कोकणातील उष्णोदक स्थळांची स्पर्धात्मकता : एक मूल्यमापन’. शीर्षक आमचे नव्हे. आम्ही दोघे, एक सर आणि एक मॅडम, दोघेही मराठीचे. त्या उन्हाळ्यात आम्ही उन्हाळी पाहत हिंडलो (ही कोटी आम्हाला टाळता आली नाही; क्षमस्व).

स्पर्धात्मकता म्हणजे काय, हे शिकण्यापासून आरंभ होता. देशादेशांच्या पर्यटनाची क्रमवारी लावण्याचे काम जागतिक आर्थिक मंचाने २००७ साली सुरू केले. २०१९ पर्यंत त्या अहवालाच्या नावात ‘स्पर्धात्मकता’ होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपासून तिच्या जागी ‘विकास’ आला. २०२४ च्या यादीत ११९ देशांत भारताचा क्रमांक ३९ वा होता. देशाचे जे केले ते गावाचेही करता येईल, या विश्वासातून स्थळांच्या स्पर्धात्मकतेचे शास्त्र उभे राहिले. त्यात रिची आणि क्राउच या दोघांचा २००३ सालचा ग्रंथ प्रमाण मानला जातो. हा ग्रंथ आम्ही साशंक मनाने उघडला आणि बराचसा आवडीने वाचला, हे कबूल केले पाहिजे. त्यात एक भेद आहे. निसर्गाने वा इतिहासाने स्थळाला जे आयते दिले ते एक, आणि स्थळाने त्याचे जे केले ते दुसरे. पहिले भरपूर असूनही दुसऱ्यात मागे पडणारी स्थळे पुष्कळ असतात. काव्यशास्त्र शिकवणाऱ्याला येथे प्रतिभा आणि व्युत्पत्ती आठवल्यावाचून राहत नाही. कोकणाकडे प्रतिभा आहे, अभ्यास कमी पडला, एवढा शेरा आम्ही पहिल्याच दिवशी मारून मोकळे झालो असतो.

प्रतिभा खरोखरच मोठी आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत, सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात दीड डझनांच्या आसपास ठिकाणी हे पाणी वर येते. राजापूरच्या उन्हाळ्यात ते अंगाला सोसेल असे असते, तर उन्हवऱ्यात ७० अंशांच्या घरात जाते. बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी आपल्याला सांगतो की खाली ज्वालामुखी आहे. तसे काही नाही. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हाने घडला तो थिजून सहा कोटींहून अधिक वर्षे झाली. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. आपण अंगावर घेतो तो कुठल्यातरी जुन्या वर्षाचा पाऊस असतो. दुसरी सार्वत्रिक समजूत गंधकाची. ‘गंधकयुक्त पाणी’ हे दोन शब्द आम्ही इतक्या तोंडून ऐकले की ते पाण्याचे विशेषण न राहता विशेषनामच झाल्यासारखे वाटू लागले. प्रत्यक्षात या पट्ट्यातल्या पाण्यात मुख्यत्वे सोडियम आणि कॅल्शियम यांची क्लोराइडे असतात. गंधकाचा वास येतो, पण वासाला फार द्रव्य लागत नाही. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीला याहून चांगले स्पष्टीकरण मिळते. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी तिथली कथा आहे. वसईची मोहीम फत्ते झाल्यावर, १७३९ नंतर, चिमाजी अप्पांच्या नवसातून देवीचे मंदिर उभे राहिले असेही सांगतात. प्रश्नावलीत ‘सांस्कृतिक संसाधने’ असा स्तंभ होता. दैत्यांच्या रक्ताला किती गुण द्यावेत, यावर आमचे एकमत होईना.

प्रश्नावली वाणिज्य विभागातील एका सहकाऱ्यांनी तयार करून दिली होती. पोहोचमार्ग, निवास, स्वच्छता, सुरक्षितता, माहितीफलक, आरोग्यसेवा, प्रतिमा. प्रत्येकाला एक ते पाच गुण. शेवटी सगळ्यांची सरासरी, आणि सरासरीवरून क्रम. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्ही यापेक्षा फारसे वेगळे काही करत नाही, तेव्हा नाक मुरडण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

अडचण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उन्हाळ्यावर आली. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. शिवमंदिर, मागे आंब्याची दोन झाडे, दगडी बांधणीची दोन कुंडे आणि मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. भिंतीपाशी पोहोचल्यावर ‘आम्ही’ हे सर्वनाम दुभंगले. एक जण अलीकडे गेला, एक जण पलीकडे. अर्ध्या तासाने बाहेर येऊन आंब्याखाली फॉर्म भरायला बसलो. ‘स्नान व वस्त्रांतराच्या सुविधा’ या रकान्यात सरांनी चार लिहिले. कुंड मोकळे, पाणी वाहते, कपडे ठेवायला कट्टा, आणखी काय हवे? मॅडमनी एक लिहिले. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. दार आतून एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताने लुगडे सोडायचे, किंवा कोणाला तरी बाहेर उभे करायचे. आलेल्या बायका आळीपाळीने एकमेकींसाठी उभ्या राहत होत्या. एकटी आलेली बाई ओल्या कपड्यांनीच घरी जाते, असे कळले.

सरासरी आली अडीच. अहवालात त्या स्थळाच्या सुविधा ‘मध्यम’ ठरल्या.

त्या अडीचवर आम्ही परतीच्या एस.टी.त बराच वेळ भांडलो. सरांचे म्हणणे, माझे चार खोटे नाहीत. मॅडमचे म्हणणे, माझा एकही खोटा नाही, पण तुमचा अडीच खोटा आहे. अडीच दर्जाच्या खोलीत कपडे बदललेला माणूस त्या गावात कोणीच नव्हता. वाङ्मयात आपण म्हणतो की निवेदक बदलला की आशय बदलतो. येथे निवेदकांची बेरीज करून त्याला दोनाने भागले होते.

पण मूळ गोष्ट त्याही आधीची आहे. भिंतीपलीकडे मॅडमना एक आजी भेटल्या. गुडघे धरलेले, चालताना काठी, पाण्यात मात्र सैल बसलेल्या. पाण्याने सांधे बरे होतात की नाही, याविषयी त्यांचा कसलाही दावा नव्हता. न्हाऊन गेले की दोन दिवस जिना चढवतो, एवढेच त्या सांगत होत्या. (उष्णतेने आणि पाण्याच्या उचलीने आखडलेला सांधा काही काळ सुटतो, हे डॉक्टरही मान्य करतात. त्यापलीकडे कातडीच्या रोगांपासून संततीपर्यंतच्या ज्या गोष्टी फलकांवर लिहिलेल्या असतात, त्यांचे काय करायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे.) मॅडमनी त्यांना प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला : या स्थळाला आपण किती वेळा भेट दिली?

“भेट कसली द्यायची गो बाई? मी न्हायला येते.”

दर सोमवारी आणि गुरुवारी, लग्न होऊन गावात आल्यापासून. अन्य कोणत्या स्थळांच्या तुलनेत हे स्थळ निवडले? घराजवळ आहे. येथे साधारण किती खर्च केला? आजी हसल्या. मॅडमनी शून्य लिहिले. कोणती सुधारणा हवी, या शेवटच्या प्रश्नाला मात्र उत्तर तत्काळ आले : दाराला कडी.

महाविद्यालयात परतल्यावर सगळे फॉर्म संगणकावर चढवले गेले. सांख्यिकीत मदत करणाऱ्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी कळवले की खर्च शून्य असलेले फॉर्म बाद करावे लागतील. ते निम्म्याहून अधिक निघाले. आम्ही कारण विचारले. त्यांनी शांतपणे पर्यटकाची आंतरराष्ट्रीय व्याख्या दाखवली : आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, एक वर्षापेक्षा कमी काळासाठी, नोकरीव्यतिरिक्त अन्य कारणाने जाणारी व्यक्ती. आजी नेहमीच्या परिसरात होत्या. आयुष्यभर तिथेच होत्या. म्हणजे त्या पर्यटक नव्हत्या, म्हणजे त्यांचे मत त्या स्थळाविषयीचे मत नव्हते, आणि त्यांच्यासोबत कडीही यादीतून गेली. सहकाऱ्यांची यात काही चूक नाही. व्याख्येप्रमाणे ते बरोबर होते.

आम्ही पुन्हा रिची-क्राउच उघडले. आणि येथे आश्चर्य वाटले, कारण ग्रंथात रहिवासी आहे. स्पर्धात्मक स्थळाच्या त्यांच्या व्याख्येत पर्यटकांचा खर्च आणि समाधान आहे, त्याचबरोबर तिथे राहणाऱ्यांचे कल्याण आणि पुढच्या पिढ्यांसाठी निसर्ग राखणे हेही आहे. ग्रंथातून प्रश्नावलीत येताना वाटेत कुठेतरी तो रहिवासी गळाला. सिद्धान्ताचा उपयोजनाकडे जाताना होणारा हा प्रवास समीक्षेच्या प्रांतातही आपल्याला अपरिचित नाही, असो.

याच सुमारास आमच्यापैकी एकाला जेन ऑस्टिनची आठवण झाली. इंग्लंडातल्या बाथ या गावी ती १८०१ ते १८०६ या काळात राहिली होती. तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस बाहेर आलेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ आणि ‘पर्स्वेशन’ या दोन्ही कादंबऱ्यांचा मोठा भाग तिथे घडतो. गरम पाण्याच्या गावात घडणाऱ्या या कादंबऱ्यांतली बहुतेक माणसे पाण्यासाठी आलेलीच नसतात. ती दिसायला आणि पाहायला आलेली असतात. कोण कुठल्या रस्त्यावर उतरला यावरून त्याची किंमत ठरते. ‘पर्स्वेशन’मध्ये खरोखर पाण्यासाठी आलेली एक बाई आहे, मिसेस स्मिथ. विधवा, निर्धन, संधिवातीच्या तापाने पाय गेलेले. स्नानगृहाजवळ स्वस्तात दोन खोल्या घेऊन ती राहते. नायिका तिला भेटायला जाते, तेव्हा नायिकेचा बाप सर वॉल्टर त्या वस्तीचे नाव ऐकूनच हबकतो. सर वॉल्टरला कोणी आपली प्रश्नावली दिली असती, तर त्याने ती फार काळजीपूर्वक भरली असती. पदव्युत्तर वर्गाला ही कादंबरी आम्ही भाषांतराच्या अंगाने दोनदा शिकवली होती आणि दोन्ही वेळा मिसेस स्मिथला कथानकातली एक सोय म्हणून ओलांडून गेलो होतो.

म्हणून गुण देण्याची पद्धतच खोटी, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा लागतो, आणि टाळण्याचे कारणही बाथच पुरवते. ऑस्टिनच्या पुष्कळ आधी, १७७१ च्या ‘हम्फ्री क्लिंकर’मध्ये, स्मॉलेटचा कुरकुरा मॅथ्यू ब्रॅम्बल याच गावी येतो आणि त्याला भलतीच शंका छळू लागते : लोक ज्यात आपली दुखणी बुडवतात ते पाणी आणि आपण पेल्यातून पितो ते पाणी कुठे एक तर होत नसेल? स्मॉलेट स्वतः वैद्य होता. विनोदाचा भाग सोडला तरी शंका बावळट नव्हती. १९७८ मध्ये तिथल्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूज्वराने दगावली. उबदार गोड्या पाण्यात वाढणारा, नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा एक अमीबा त्याला कारण होता. स्नान बंद झाले. नव्या विंधणविहिरींतून पाणी घेणारे नवे स्नानगृह उघडायला २००६ साल उजाडले, आणि रोमनांच्या प्राचीन कुंडात आजही कोणाला उतरू देत नाहीत. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या ज्या ११ स्नाननगरांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत हे गाव आहे. आमच्या यादीतल्या किती कुंडांच्या काठी पाण्याचा तपासणी-अहवाल लावलेला होता, ते आम्ही मोजले. एकाही नाही. हे आजींच्या बाजूने बोलतानाही झाकता येत नाही. त्या पाण्यात आठवड्यातून दोनदा उतरतात त्या आजीच.

जपानात १९४८ पासून याविषयी कायदा आहे. उगमापाशी पाणी २५ अंश असावे किंवा ठरावीक १९ घटकांपैकी एखादा त्यात पुरेसा असावा, तरच त्याला ‘ओन्सेन’ म्हणता येते, आणि पृथक्करणाचा तक्ता भिंतीवर लावावा लागतो. एवढे असूनही २००४ मध्ये शिराहोने या प्रसिद्ध गावी दुधासारखे पांढरे पाणी काही ठिकाणी पूड टाकून पांढरे केल्याचे उघड झाले. झऱ्याचा रंग उतरला होता आणि पाहुणे पांढऱ्या पाण्याच्या अपेक्षेने येत होते. आम्हाला या प्रकरणात लबाडीपेक्षा केविलवाणेपणा अधिक दिसला. पाण्याला त्याच्या छायाचित्रासारखे दिसावे लागले. पुढच्याच वर्षी पाण्यात काय मिसळले, ते तापवले की फिरवून वापरले, हे जाहीर करण्याचा नियम आला. कुसात्सू या गावाची रीत आम्हाला फार आवडली. तिथले पाणी अंगाला न सोसणारे. त्यात थंड पाणी घातले तर ते पातळ होईल म्हणून लांब फळ्यांनी घुसळून ते निववतात, आणि घुसळताना गाणी म्हणतात. उन्हवऱ्याच्या ७० अंशांवर आपण बादलीने गार पाणी ओततो.

पण आमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे गाव बेप्पू. दोन हजारांहून अधिक उगम असलेले हे शहर पर्यटकांना ‘नरके’ म्हणून ओळखली जाणारी उकळती तळी दाखवते, आणि त्याच शहरात गल्लोगल्ली लहान सार्वजनिक स्नानगृहे आहेत, त्यांपैकी पुष्कळशी त्या त्या मोहल्ल्याच्या मंडळींनी एकत्र येऊन चालवलेली. रोज संध्याकाळी शेजारपाजारचे लोक साबण-टॉवेल घेऊन तिथे जातात. बाहेरून आलेला माणूसही काही ठिकाणी थोडके पैसे देऊन आत जाऊ शकतो. तिथे त्याने त्यांच्या रीतीने वागायचे असते. आमच्या प्रश्नावलीत बेप्पूला भरघोस गुण मिळाले असते, आणि तिथे रोज न्हाणाऱ्या म्हाताऱ्यांचे फॉर्म शून्य खर्चाच्या सदरात बाद झाले असते.

आणखी एक गोष्ट जाता जाता. महाडपासून थोड्याच अंतरावर, सावित्रीकाठी, सव येथे गरम पाण्याचे कुंड आहे. महाड म्हटले की आठवते ते दुसरे पाणी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलेले चवदार तळ्याचे. त्या दिवशी तळ्यावर प्रश्न पाण्याच्या गुणधर्मांचा नव्हता. कुंडाच्या काठी ज्यांना एकेकाळी उभे राहू दिले नाही त्यांच्या नातवंडांना ‘स्थळाची प्रतिमा’ या रकान्यात एक ते पाच यांपैकी काय लिहावेसे वाटेल, हे विचारण्याची सोय आमच्याकडे नव्हती. आणि आजी जुन्या दिवसांविषयी प्रेमाने बोलत होत्या तेव्हा, भिंतीच्या त्या बाजूला पूर्वी कोण येत होते आणि कोण येत नव्हते, हे मॅडमनीही विचारले नाही. ते आमच्या अहवालात नाही.

अहवाल आम्ही दोन फेरफार करून दिला. त्या एका स्थळापुरत्या सुविधांच्या रकान्यात अडीचऐवजी दोन ओळी केल्या, ‘पुरुषांचे कुंड : ४’, ‘स्त्रियांचे कुंड : १’. आणि शून्य खर्चाचे सगळे फॉर्म परिशिष्टात जोडले. पंधरा दिवसांनी तो परत आला. परिशिष्टाविषयी काही म्हटलेले नव्हते. रकान्यात एकच आकडा द्यावा, एवढाच शेरा होता. क्रमवारी लावायची तर एक आकडा लागतोच, हे आम्हालाही कळते. बरीच चर्चा करून आम्ही १ लिहिले. त्यामुळे ते गाव यादीत शेवटून दुसरे गेले. पुढेमागे निधीचा विचार झाला, तर यादीच्या वरच्या टोकापासून व्हायचा आहे.

माघात पुन्हा त्या बाजूला जाणे झाले. जाताना बाजारपेठेतून एक पितळी कडी आणि चार स्क्रू घेतले. गावातल्या सुताराला कुंडावर नेले. त्याने चौकटीत पटाशीचे टोक खुपसून पाहिले; ते लोण्यात जावे तसे आत गेले. चौकट वाफेने कुजली आहे, स्क्रू धरणार नाही, आधी चौकट बदलायला हवी, आणि चौकट सार्वजनिक असल्यामुळे परवानगी लागेल, असे त्याचे म्हणणे पडले. सोमवार होता. आजी आत होत्या. मॅडम दाराबाहेर उभ्या राहिल्या.